शिशाच्या खलाशांना लाकडी कपाट नको

संपादक महाशय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरचा संग्रह मांडण्यावर छान लेख होता. पण जुनी धातूची खेळणी काचेच्या दाराच्या, घट्ट बंद लाकडी कपाटात ठेवावीत, हा त्यातला सल्ला शिशाच्या खेळण्यांना लागू करू नका. मी तेच केलं आणि शिशाच्या आठ खेळण्यातल्या खलाशांपैकी पाच गमावले.

माझे वडील, अण्णा, गोदीत फिटर होते. साठच्या दशकात त्यांनी चोरबाजारातून ब्रिटन्स या खेळण्यांच्या कंपनीचे ब्रिटिश नौदलाचे खलाशी आणले. ५४ मिलिमीटर उंची, निळे कपडे, दोर धरून तोफ ओढणारे. पुढे तलवारवाला अधिकारी. गालावर गुलाबी ठिपका, डोळ्याच्या जागी काळा टिंब, सगळं हाताने रंगवलेलं. अण्णा सांगायचे, १८९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ‘पॉवरफुल’ जहाजाच्या खलाशांनी असल्याच तोफा लेडीस्मिथला पोहोचवल्या. तो प्रसंग ते आम्हाला जेवणाच्या ताटाशेजारी मांडून दाखवायचे.

ते गेल्यावर मी सुताराकडून प्लायवूडचं नवं कपाट करून घेतलं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर खलाशांच्या पोटऱ्यांवर पिठासारखा पांढरा थर दिसला. मला वाटलं बुरशी, म्हणून फडक्याने पुसला. एकाचा पाय घोट्यापासून सुटून माझ्या तळहातावर आला.

ती बुरशी नव्हती. लाकडातून, विशेषतः नव्या लाकडातून आणि प्लायवूडमधून, व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल वाफेच्या रूपाने सुटतं. बंद जागेत, दमट हवेत ते शिसं खातं आणि त्याचा सफेदा, म्हणजे शिशाची पांढरी पूड, होतो. रंगासाठी पूर्वी सफेदा मुद्दाम करायचे तो असाच, शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या वाफेत ठेवून! त्यातून ब्रिटन्सच्या बाहुल्या पोकळ. साच्याला लागलेलं शिसं गोठलं की आतलं वितळलेलं ओतून टाकत. १८९३ पासूनची ही युक्ती, माल हलका आणि स्वस्त पडायचा. पण भिंतच पातळ, तिला टिकायला वेळ तो किती मिळणार?

ती पांढरी पूड विषारी असते. फुंकर मारू नये, उघड्या हाताने पुसू नये, नातवंडांना तर हातच लावू देऊ नये. मला हे उशिरा कळलं. पुठ्ठ्याचं मूळ खोकंही आम्ल सोडतं. ते जपायचं तर वेगळं ठेवावं. काचेची किंवा रंग पूर्ण वाळलेली लोखंडी मांडणी घ्यावी, हवा खेळती असावी आणि पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. मूळ रंगावर नवा रंग मात्र चढवू नये.

ब्रिटन्सने शिशाच्या बाहुल्या १९६६ मध्ये बंद केल्या. अनेक घरांत आजोबांच्या अशा एक-दोन तरी असतील, आणि दिवाळीआधी नवी कपाटं होतातच. तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, ही विनंती.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व)