लॅब असिस्टंट सरांचे जाहीर आभार

सप्रेम नमस्कार सर,

पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलआधी लॅबमधल्या सगळ्या मशीनवर पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) नीट बसवून दिलात, त्याबद्दल आम्हा शिक्षकांकडून मनापासून आभार.

पायथन चालेना की 'अनइन्स्टॉल करा, परत टाका' हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. तुम्ही आधी कमांड प्रॉम्प्टवर 'व्हेअर पायथन' (पायथन कुठे कुठे आहे ते दाखवणारी कमांड) मारून पाहिलंत आणि निम्मा गुंता तिथेच सुटला. यादीत सगळ्यात वर विंडोजअ‍ॅप्स फोल्डरमधली शून्य बाइटची पायथन डॉट ईएक्सई! तिचं काम एकच, मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडणं. पाथमध्ये (विंडोज जिथे प्रोग्रॅम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जे आधी सापडेल ते विंडोज चालवतं, म्हणून खरा पायथन असूनही मुलांसमोर स्टोअरच यायचं. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅप एक्झिक्युशन अलायसेस'मधली पायथनची बटणं बंद केलीत, विषय संपला. (पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड विंडोत 'व्हेअर डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहावं लागतं, कारण नुसतं 'व्हेअर' तिथे वेगळीच कमांड आहे. हे फळ्यावर लिहून ठेवलंत ते बरं केलंत.)

नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) टाकूनही 'मॉड्यूल नॉट फाउंड' येण्याचं कारणही तुम्हीच दाखवलंत: पिप (पॅकेजेस बसवणारं साधन) एका पायथनचं, प्रोग्रॅम चालवणारा पायथन दुसरा. 'पाय -०' ने मशीनवरची व्हर्जन्स दिसतात आणि 'पाय -३.१२ -एम पिप इन्स्टॉल नमपाय' म्हटलं की पॅकेज नेमकं त्याच पायथनमध्ये जातं. नुसतं पिप वापरायची सवय मुलांची आता मोडतोय, आमचीही.

सगळ्यात मोलाचं म्हणजे व्हीएनव्ही, प्रत्येक प्रोजेक्टचं पायथन आणि पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर. अ‍ॅक्टिव्हेट करताना पॉवरशेलने स्क्रिप्ट अडवली तेव्हा सगळी बंधनं काढून मोकळं होणं सोपं होतं. तुम्ही एक्झिक्युशन पॉलिसी (कोणत्या स्क्रिप्ट चालू द्यायच्या त्याचा नियम) फक्त 'करंट युजर'पुरती 'रिमोटसाइन्ड' केलीत, म्हणजे मशीनवरच्या स्क्रिप्ट चालतात, बाहेरून उतरवलेल्यांना डिजिटल सही लागते. लॅबच्या सामायिक मशीनवर हेच शहाणपणाचं. व्हीएनव्हीचं फोल्डर पेनड्राइव्हवरून घरी नेऊन चालत नाही, त्यात मूळ जागेचे पूर्ण पाथ लिहिलेले असतात, हेही मुलांना कळलं. आता ती फक्त कोड आणि रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी (लागणाऱ्या पॅकेजेसची यादी) नेतात आणि घरी नवं व्हीएनव्ही बनवतात.

एक विनंती. पुढच्या सत्रात आमच्यापैकी कुणी अगदी ताज्या व्हर्जनचा हट्ट धरला, तर खुशाल नाही म्हणा. त्या व्हर्जनसाठी एखाद्या पॅकेजचं तयार व्हील (थेट बसवता येणारी फाइल) नसलं, की पिप ते सोर्समधून बांधायला जातं, त्यासाठी व्हिज्युअल सी प्लस प्लस कंपायलर मागतं आणि तासाचं प्रॅक्टिकल तिथेच अडकतं.

आपले,
संगणक विभागातील शिक्षक