मनू, त्या पोस्टला अर्ज कर

प्रिय मनू,

काल फोनवर तू म्हणालीस ना, संस्थेच्या डायरेक्टरची पोस्ट मला झेपायची नाही आई, मी फील्डवरचीच बरी, तेव्हा मी काही बोलले नाही कारण गळा दाटून आला होता. रात्रभर डोक्यात तेच, म्हणून आता टाइप करतेय, लांबलं तर लांबू दे.

तुला माहितीये मी किल्लारीच्या भूकंपानंतर आमच्या सामाजिक संस्थेत आले, १९९३ च्या शेवटी. पत्र्याच्या शेडमधल्या बायकांच्या याद्या करायच्या, मग सरकारच्या घरदुरुस्ती योजनेत गावोगावी महिला मंडळांना संवाद सहायक, म्हणजे सरकार आणि गावकऱ्यांमधला दुवा, म्हणून नेमलं तेव्हा त्यांच्यासोबत दारोदार फिरायचं, नंतर बचत गट. २४ वर्षं केलं हे. आणि त्या २४ वर्षांत संस्थेचं बजेट मी एकदाही पाहिलं नाही. फंडर, म्हणजे संस्थेला पैसा देणारे, आले की गावात मी न्यायचे, बायकांना बोलतं मी करायचे, पण संध्याकाळी ऑफिसात पैशाची बोलणी चालायची तेव्हा मी बाहेर त्यांच्या जेवणाचं बघत असायचे. पगारवाढीचं विचारलं की "ताई, आपलं सेवेचं काम आहे", दर मार्चला हेच. संचालक रिटायर झाले तेव्हा शहरातून एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी घेतलेला मुलगा आणला, त्याला सहा महिने गावं मीच दाखवली. चांगला होता गं, त्याच्यावर राग नाही. राग ह्याचा येतो की मी अर्जच केला नव्हता. बारावी शिकलेली बाई इंग्रजीत प्रपोजल कुठून लिहिणार, असं माझं मीच ठरवून मोकळी झाले.

तेव्हा साताऱ्याकडच्या म्हसवडच्या बायका आठवायला हव्या होत्या मला. सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा आणि माण तालुक्यातल्या त्या बायकांनी बँक काढायचा अर्ज केला तर रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण त्यातल्या कितीतरी जणींचे सहीच्या जागी अंगठे होते. बायका घरी नाही बसल्या, दिवसभर काम करून लिहावाचायला शिकल्या, काही महिन्यांनी परत गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांनाही कॅल्क्युलेटर न घेता सांगायला लावा. १९९७ ला माणदेशी बँक सुरू झाली. हिशोब त्यांना आधीपासून येतच होता गं, कागद तेवढा राहिला होता. तुझंही तेच आहे, आणि तुला तर कागदही येतो.

आता कामाचं बोलते. पोस्ट घ्यायच्या आधी पैसा कुठून येतो ते नीट बघ. सीएसआरचा, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात तो पैसा बहुतेक प्रोजेक्टपुरता असतो, प्रोजेक्ट संपला की फील्डच्या मुली घरी, म्हणून त्यांचे पगार आणि ट्रेनिंग प्रपोजलमध्येच लिहायला लाव, नंतर कोणी देत नाही. परदेशी निधी असेल तर त्याच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांचीच मर्यादा आहे, आधी ५० होती, त्यामुळे ऑफिसच्या पगाराचा विषय निघाला की हेच कारण पुढे करतील. खरं कारण आहे ते, पण कुणाचा पगार कापायचा हे शेवटी माणसंच ठरवतात, तिथे तू बसलेली असायला हवीस. आणि लैंगिक छळाविरुद्धच्या समितीवर अध्यक्ष म्हणून तुझं नाव घालतील, कायद्याप्रमाणे ती वरच्या पदावरची बाईच लागते. नुसतं कागदावर राहू देऊ नकोस, फील्डच्या मुली एकट्या फिरतात, त्यांना तुझा नंबर पाठ पाहिजे.

छकुली लहान आहे म्हणतेस, खरंय. तुझ्या वेळी मी दीड महिन्यात परत गावात होते, तुला आजीकडे टाकून, अजून टोचतं ते. तुला निदान २०१७ च्या कायद्यामुळे बाळंतपणाची २६ आठवडे रजा मिळाली. पण म्हणून आता मागे सरायचं का? आम्ही आहोत ना.

शेवटची तारीख शनिवार ना? संस्थेचे मागच्या दोन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागून घे आणि मला व्हॉट्सॲपवर पाठव, दोघी मिळून वाचू. इंटरव्ह्यूच्या दिवशी छकुलीजवळ मी असेन, बाबांना रिझर्वेशन बघायला सांगितलंय.

तुझी आई