साखर पेठेतल्या टॉवेलवाल्या मामांना

मामा, समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "असू दे ओ" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय. नात वाचून दाखवेल तुम्हाला.

ज्याच्याकडून बटेरची, म्हणजे लाव्या पक्ष्याची, पिल्लं घेतली तो पैसे घेईपर्यंत लई गोड बोलत होता. पेपर अंथरा, बल्ब लावा, कोंबडीसारखीच वाढतात म्हणे. कुठली कोंबडीसारखी? १७-१८ दिवसांत अंड्यातून निघालेलं ते ७-८ ग्रॅमचं पिल्लू, अंगठ्याएवढं, आणि या जपानी बटेरची मादी सहसा खुडूक बसतच नाही, सगळा कारभार अंडी उबवायच्या मशीनवर, म्हणजे ऊब द्यायला आई नाहीच. गुळगुळीत पेपरवरून घसरून घसरून एकाचे पाय दोन्हीकडं फाकले, त्याला उभंच राहता येईना. त्या माणसाला फोटो पाठवला, त्यानं बघितला आणि गप्प. औषधाच्या दुकानात विचारलं तर एवढ्याशा पाखराला काय करायचं, टाकून द्या म्हणाले. जिवंत होतं हो ते, चिवचिवत होतं!

आणि तुम्ही फक्त टॉवेलचं पार्सल द्यायला आला होता. खोक्यात डोकावला आणि म्हणालात, "कागद काढा ओ आधी, घसरालेत की ती!" पिशवीतून टेरी टॉवेलचे कटपीस काढून अंथरले, त्या लूपमध्ये नखं रुतली तशी पिल्लं नीट चालायला लागली.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. ते फाकलेल्या पायाचं पिल्लू उचलायच्या आधी तुम्ही तुमचा हात बल्बपाशी धरला. तळहात शेकला, उलटा करून पुन्हा शेकला, गालाला लावून बघितला आणि मग पिल्लू उचललं. गार हात लागू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं, मीच बाजूला उभी होते म्हणून दिसलं. आयुष्यभर मागावर काम केलेला तो खरबरीत हात, आणि त्यात ते डोळे मिटून गप्प बसलं. मग चिकटपट्टीची बारीक पट्टी करून दोन्ही पाय अंतर ठेवून बांधलेत, म्हणालात दोन-तीन दिवस राहू दे.

पाण्याच्या ताटलीत खडे टाका, नाहीतर बुडतात, खाद्य बारीक करा, हेही तुम्हीच सांगितलंत. पहिल्या आठवड्यात ३५ ते ३७ डिग्री ऊब लागते, पण थर्मामीटरच्या आधी पिल्लांकडं बघा, बल्बखाली गर्दी केली तर गारठलीत, कडेला पांगून चोच उघडी ठेवली तर गरम होतंय. आपल्या सोलापूरच्या उन्हात, पत्र्याच्या घरात, दुपारी बल्ब बंदच करावा लागतो हे त्या विकणाऱ्याला सांगता आलं नसतं का? आणि लाइट गेली त्या रात्री तुमचाच फोन आला, गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा म्हणून. ज्याचा धंदा आहे तो फोन उचलत नाही आणि ज्याचा काही संबंध नाही तो रात्री आठवण ठेवून फोन करतो. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांचं निभतं.

पट्टी काढली मामा. पळतंय ते, दाण्यावर सगळ्यांच्या आधी पोचतं. सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतील म्हणालात ना, पहिली तुमच्या घरी येणार, आणि पैशाचं नाव काढायचं नाही.