‘डिड’ आल्यावर ‘वेंट’ कशाला?

मा. संपादक,

नात यंदा दहावीला आहे. परवा तिची इंग्रजीची वही चाळताना ‘व्हेअर डिड यू वेंट?’ या वाक्यावर लाल फुली दिसली. खाली शेरा : ‘फॉर्म्युला पाठ करा.’ फॉर्म्युला तिला झोपेतही येतो. डब्ल्यूएच शब्द (‘व्हॉट’, ‘व्हेअर’), हेल्पिंग व्हर्ब (‘आर’, ‘डिड’सारखं सहायक क्रियापद), कर्ता, मुख्य क्रियापद. ‘वेंट’ का नको, एवढं मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत इंग्रजी शिकवलं. मुलांचा हा गोंधळ आपल्या भाषेतून येतो आणि तिच्याच आधारानं सुटतो. ‘तू हळद विकलीस’ला शेवटी ‘का’ जोडला की प्रश्न तयार. एकही शब्द जागचा हलत नाही. त्यात आमच्याकडं म्हणतात ‘काय करायलास?’ पुस्तकातल्या ‘काय करत आहेस’मध्ये ‘आहेस’ वेगळं दिसतं, ‘करायलास’मध्ये ते दिसतच नाही. मग लेकरू ‘व्हॉट यू डुइंग?’ लिहिणारच. ‘आर’ त्यानं आणावा कुठून?

इंग्रजीत प्रश्न करताना हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या आधी आणतात. ‘यू वेंट’मध्ये तसं आणायला हेल्पिंग व्हर्बच नाही, म्हणून ‘डिड’ बाहेरून आणायचं. आलं की भूतकाळाचं ओझं तेच घेतं. वर्गात मी ‘वेंट’ झालेल्या मुलीच्या पाठीवर दप्तर द्यायचे. ‘डिड’ झालेला मुलगा आला की दप्तर त्याच्या पाठीवर जायचं, मुलगी मोकळी व्हायची आणि तिच्या हातातल्या पाटीवर ‘गो’ लिहायची. ‘ही सेल्स’ (तो विकतो) यातला ‘एस’ही ‘डज’ असाच उचलून नेतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेली मुलं पुन्हा फारशी चुकत नसत.

शिवाय फॉर्म्युला सगळीकडं चालतही नाही. ‘माठ कोणी फोडला?’ याचं ‘हू ब्रोक द पॉट?’ होतं. इथं ‘हू’ हाच कर्ता, ‘डिड’ लागत नाही. नुसत्या फॉर्म्युल्यावर वाढलेली मुलं ‘हू डिड ब्रेक’ लिहून मोकळी होतात.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकून लेकराला साधा प्रश्न विचारता येऊ नये, याचं मला फार वाईट वाटतं. दहावीच्या पेपरात अधोरेखित शब्दांवरून प्रश्न तयार करायला लावतात, पण उत्तर आधीच माहीत असलेला तो प्रश्न. शिक्षकांना माझी विनंती आहे, रोज तासाची पाच मिनिटं मुलांना एकमेकांना खरे प्रश्न विचारू द्या. ‘डिड युवर फादर सेल द हळद?’ असे घरचे. ‘टर्मरिक’ त्या दिवशी आठवलं नाही तरी चालेल.

— एक निवृत्त शिक्षिका, वसमत (जि. हिंगोली)