तैलचित्राला फोटो नको, वेळ द्या

महोदय,

गणपती-दिवाळी जवळ आली की पुण्यातल्या तैलचित्रकारांकडे एका ठरावीक प्रकारची मागणी वाढते. मोबाइलवर काढलेला फोटो समोर येतो आणि सांगितले जाते, ‘हुबेहूब असेच, ऑइलमध्ये, महिन्याभरात.’ विषयही बहुधा ठरलेले: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, मंडई, ओंकारेश्वर, जुन्या वाड्याचा चौक. या विषयांबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पुण्याचा चित्रकार पुणे रंगवणारच. पण तैलचित्रकार विषय निवडतो तेव्हा तो जागेवर कोणत्या वेळी कसा प्रकाश पडतो ते पाहून निवडतो, आणि नेमके तेच फोटोत हरवते. ऑर्डर देणाऱ्यांना हे माहीत असावे म्हणून हे पत्र.

दिल्ली दरवाजाचेच पाहू. त्याचे तोंड उत्तरेला आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे या सहा महिन्यांत दर्शनी भिंतीवर थेट ऊन येतच नाही. तिरपे ऊन येऊन दगडांचे उठाव दिसतात ते मे-जूनमध्ये, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तरीही दिवाळीसाठी करून घेतलेल्या कितीतरी चित्रांत हा दरवाजा सोनेरी उन्हात न्हालेला असतो. थंडीतला दरवाजा रंगवायचा तर भिंत सावलीत आणि तिची सावली पाहणाऱ्याच्या दिशेने पडलेली हवी. ही सावली काळी नसते. वरून आभाळाची निळाई उतरते आणि समोरच्या उन्हातल्या जमिनीवरून उबदार उजेड परत वर चढतो. अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यांतून जो करडा तयार होतो तो निळ्याकडेही झुकवता येतो आणि तांबूसकडेही. म्हणून अशा भिंतीला तोच लागतो. ट्यूबमधला काळा घातला की भिंत मरते.

मोबाइलचा कॅमेरा इथे दोन प्रकारे दगा देतो. आभाळ सांभाळायला गेला तर सावल्या काळ्या करतो, नाहीतर सगळे सपाट उजळून टाकतो. वाड्याच्या चौकात फरशीवरून उसळलेला उजेड तुळयांना खालून लागतो, तो दोन्ही वेळा नाहीसा होतो. शिवाय भिंग रुंद कोनाचे असल्यामुळे जवळून फोटो काढला की खांब वर जाताना आत झुकतात आणि माणसाचे नाक मोठे होते. तसाच फोटो चौकटी आखून कॅनव्हासवर उतरवला तर या चुका तीन फुटांच्या होतात. दिवंगत व्यक्तीच्या चित्राला फोटोशिवाय इलाज नसतो, हे मान्य. तेव्हा फ्लॅशशिवाय, बाजूने उजेड असलेला आणि निदान सहा-सात फुटांवरून काढलेला फोटो शोधून द्यावा. चेहरा लहान असला तरी चालेल.

फोटोऐवजी चित्रकार काय करतो? आधी तळहाताएवढ्या पाच-सहा पेन्सिल स्केचमध्ये फक्त तीन छटा मांडतो: गडद, मध्यम, उजळ. डोळे किलकिले करून पाहिल्यावर या तीन छटांत चित्र उभे राहिले नाही, तर जागा कितीही प्रसिद्ध असो, विषय सोडून द्यावा लागतो. मंडईत हीच अडचण येते. भाज्यांचे ढीग मोह घालतात, पण टोमॅटो, वांगी, कोथिंबीर, झेंडू सगळेच सारख्या जोराने ओरडतात. दिव्याखालचा एकच गाळा घ्यावा आणि बाकीची मंडई मध्यम छटेत मागे ठेवावी, तर चित्र होते. मग जागेवर बसून आठ बाय दहा इंचांच्या बोर्डवर रंगीत स्टडी, म्हणजे मोठ्या चित्राआधीचे छोटे अभ्यासचित्र. त्याला तास-दीड तासच मिळतो, कारण तेवढ्यात सावल्या सरकतात. उरलेले काम दुसऱ्या दिवशी त्याच वेळी.

अशा स्टडीत किती ताकद असते याचा दाखला पुण्याच्याच इतिहासात आहे. सवाई माधवरावांच्या काळात जेम्स वेल्स हा चित्रकार इथे होता. पेशवे दरबारातल्या 1790च्या तहाचे चित्र पूर्ण होण्याआधीच, 1795मध्ये तो वारला. त्याने करून ठेवलेल्या अभ्यासांवरून थॉमस डॅनियल या दुसऱ्या चित्रकाराने ते तैलचित्र 1805मध्ये पूर्ण केले.

आता महिन्याभराच्या मुदतीबद्दल. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, आणि या कामाला घाई चालत नाही. कॅनव्हासवर गेसोचे, म्हणजे रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन-तीन हात, प्रत्येक हातानंतर पॉलिश पेपर, शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस थांबणे, एवढे तर रंग लागण्याआधीच. पहिला थर टर्पेंटाइन घालून पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगाचा. तो एक-दोन दिवसांत हाताला लागेनासा होतो. पुढच्या थरांत तेल वाढवत न्यायचे. हा क्रम उलटला, म्हणजे तेलकट थरावर कमी तेलाचा थर दिला, तर वरचा आधी आवळतो, खालचा हलत राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत भेगा दिसू लागतात. आयव्हरी ब्लॅक आणि कॅडमियम रेड मुळातच सावकाश वाळतात. खालच्या थरात ते जाड लावले तर हीच गत. पावसाळ्यात पुण्याची दमट, गार हवा सगळेच लांबवते. घाईत वाळवायला चित्र उन्हात ठेवणे हा तर सर्वांत वाईट उपाय: वर कातडी धरते, आत रंग ओलाच राहतो. व्हार्निशला पातळ थरांच्या चित्रासाठी सहा महिने, जाड थरांसाठी वर्ष थांबावे. त्याआधी चमक हवी म्हणून कुणी व्हार्निश मागितले तर चित्रकाराने नाही म्हणावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घरी नेलेले ताजे चित्र काचेत बंद करू नये आणि बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटवू नये. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांत बुचाचे अर्धा इंच जाड तुकडे लावले की हवा खेळते आणि मागून बुरशी येत नाही.

म्हणून दिवाळीला वाड्याच्या चौकाचे चित्र हवे असेल तर चित्रकाराला आदल्या नोव्हेंबरमध्ये गाठावे. थंडीच्या तिरप्या उन्हात स्टडी होतील, फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या हवेत रंगकाम होईल आणि ऑक्टोबरच्या अखेरीस व्हार्निशही देता येईल. दिल्ली दरवाजा उन्हातलाच हवा असेल तर स्टडी मे-जूनमध्ये, रंगकाम पावसाळा संपल्यावर, आणि चित्र पुढच्या वर्षीच्या दिवाळीला. ऑर्डर देताना फोटोबरोबर, शक्य तर फोटोऐवजी, ती जागा आपल्याला कोणत्या ऋतूत आणि कोणत्या वेळी आवडली एवढे सांगावे.

— तैलरंगात काम करणारे काही चित्रकार, पुणे