दिवाणजी, तुमच्यामुळे सदा सुटला

दिवाणजी, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात येणार नाही आणि तुम्ही ज्या पेढीवर हिशेब लिहिता तिचंही नाही. सांगली, एवढंच. ही तुमची अट होती. पण आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत. दिवाळी अंकातली माझी रहस्यकथा वाचून भेटेल तो विचारतो, "हा सदा कुठून सुचला हो तुम्हाला?" त्यांना खरं उत्तर मिळायला हवं.

ज्यांच्या हाती अंक पडला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद साठवायचं जमिनीखालचं एक जुनं पेव उघडलं जातं आणि तळाशी अडत्या मरून पडलेला सापडतो. रक्त नाही, जखम नाही, झटापटीची खूण नाही. पोलीस पाटील वर्दी देतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि लोकांची कुजबुज सुरू होते. संशय जातो तो अडतीतल्या दिवाणजीवर, सदावर. तो कुणाच्या नजरेला नजर देत नाही. फौजदारानं साधा प्रश्न विचारला तरी त्याला घाम फुटतो, बोलताना वाक्य मध्येच तुटतं. मालकाच्या तेराव्याला आला, पण पंगतीला न बसता मागच्या दारानं निघून गेला. गाव म्हणतं, मनात पाप असल्याशिवाय माणूस असा वागेल का?

कथेत खून करायचा आणि तरीही घरातल्या सगळ्यांना वाचता यावी अशी ती ठेवायची, एवढं माझं ठरलं होतं. पेवाबद्दलही थोडंफार ऐकून होते. नदीकाठच्या घट्ट मातीत खोल खणलेलं, तोंड जेमतेम एक माणूस उतरेल एवढं आणि खाली पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की माल वर्षानुवर्षं टिकतो, कीड लागत नाही. २००५ च्या महापुरात पाणी शिरून कितीतरी पेवं बाद झाली, आता माल शीतगृहात जातो. आजच्या मुलांना पेव दाखवायचं तरी कुठं हा प्रश्नच आहे.

पण जिथं कीड जगत नाही तिथं माणूसही जगत नाही, ही बाजू तुम्ही मला समजावून दिलीत. बंद पेवात प्राणवायू कमी होत जातो, कर्बवायू साठतो आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशीच बसून राहतो. म्हणून जुनी माणसं पेव उघडल्यावर लगेच उतरत नसत. आधी बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीला पेटता कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर कुणी आत पाऊल टाकायचं नाही. हे सगळं तुम्ही मला रात्री उशिरा, एकामागून एक मेसेज करून लिहिलंत. शेवटी एकच ओळ आली, "ताई, बॅटरीचा दिवा विझत नाही."

त्या ओळीवर माझी सगळी कथा उभी राहिली, दिवाणजी. अंक येऊन बरेच दिवस झालेत, तेव्हा उलगडा सांगायला हरकत नसावी. मोतीबिंदू झालेल्या अडत्याला, म्हणजे आपल्या चुलत्याला, फसवायला पुतण्यानं कंदिलाच्या काचेत बॅटरीचा दिवा बसवला आणि पहाटेच्या अंधारात खाली सोडला. तळाशी उजेड स्थिर आहे हे पाहून म्हातारा निर्धास्तपणे उतरला. तो पांढरा उजेड एका माणसानं लांबून पाहिला होता. चहाच्या टपरीवरची माणसं नकोत म्हणून रोज मागच्या बोळानं जाणाऱ्या सदानं. ज्या सवयीमुळे तो संशयित ठरला, त्याच सवयीमुळे तो एकमेव साक्षीदार होता. कंदिलाचा उजेड पिवळा असतो आणि आपण पाहिला तो पिवळा नव्हता, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण फौजदार, पाटील, तलाठी आणि दारात दाटीवाटीनं उभं असलेलं गाव यांच्यासमोर ते एक वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

का निघेना, हे मला तुम्ही सांगितलंत. मी जन्मभर माणसांत वावरलेली बाई. माझ्याकडे कुणी बघत असलं तर मला बरंच वाटतं. चार माणसं बघताहेत एवढ्यानं कुणाचा घसा कोरडा पडतो, कानशिलं तापतात आणि तोंडावर आलेला शब्द पुसला जातो, हे मला पुस्तकातून कळलं असतं, पण कथेत उतरलं नसतं. दुकानात जाण्याआधी "अर्धा किलो पोहे द्या" हे वाक्य मनात घोळवून ठेवायचं. घरी आल्यावर रात्रीपर्यंत आठवत बसायचं की आपण 'द्या' म्हणालो की 'दे' म्हणालो, दुकानदाराला राग आला असेल का. फोन वाजला की तो वाजून थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग मेसेज करायचा. हे सगळं तुम्ही मोकळेपणानं दिलंत, आणि कथेत वापरायला परवानगीही दिलीत.

सगळ्यात मोलाची गोष्ट सहीची. सौद्याच्या गोंगाटाचा तुम्हाला त्रास होत नाही, हे ऐकून मी चकित झाले होते. तिथं सगळ्यांचे डोळे मालावर असतात, तुमच्याकडे कुणी पाहत नाही, असं तुम्ही लिहिलंत. पण बँकेत काउंटरपलीकडचा माणूस बघत असताना सही करायची म्हटलं की हात थरथरतो, सही जुळत नाही, मग तो पुन्हा करायला सांगतो, आणि दुसरी सही पहिलीपेक्षा वाईट येते. तुमच्या खतावणीचं एक पान तुम्ही मला दाखवलं होतं. मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर, एका ओळीत खाडाखोड नाही. तो हात आणि बँकेतला हात एकाच माणसाचा, यावर माझा विश्वास बसेना.

तेच मी कथेत घेतलं. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सांगणाऱ्याची सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे. पण पंचनाम्यावर पंचांची सही लागते. म्हणून पहिल्याच सकाळी सदाला मी पंच केलं. सगळ्या गावादेखत तो सही करतो, पेन कागदावर अडखळतं, 'स' नंतरचं अक्षर ओळ सोडून खाली घसरतं. तिथून संशय सुरू होतो. आणि शेवटी तो घरी एकटा बसून पहाटेची हकीकत कागदावर उतरवतो तेव्हा फौजदाराला वाटतं, ही चिठ्ठी दुसऱ्याच कुणीतरी लिहून दिली आहे. मग अक्का, माझ्या कथेतली शोध घेणारी बाई, त्याची खतावणी आणून चिठ्ठीशेजारी उघडून ठेवते. हा प्रसंग वाचून कितीतरी वाचकांनी मला कळवलं. तो तुमचा आहे.

अक्का सदाशी पहिल्यांदा बोलते ती जागाही तुम्हीच बदललीत. मी दोघांना तिच्या ओसरीवर समोरासमोर बसवणार होते. तुम्ही म्हणालात, समोर नको, शेजारी बसवा, आणि दोघांना बघायला दुसरं काहीतरी द्या. मग मी त्यांना संगमेश्वराच्या देवळाखाली घाटाच्या पायरीवर बसवलं, तोंडं नदीकडे. अक्का काही विचारत नाही, भडंगाचा पुडा मधे ठेवते. सदा बोलायला लागतो.

नजर चुकवणारा माणूस खोटा, ही समजूत फक्त आपल्याकडची नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं की खोटं बोलणारा ओळखायचा कसा. सर्वांत जास्त मिळालेलं उत्तर हेच होतं, तो नजरेला नजर देत नाही. त्याच वर्षी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाली. नाणं उडवून ठरवलं असतं तर ५० टक्के. सदासारख्या माणसाला गाव किती भरवशानं दोषी ठरवतं, ते आठवलं की या आकड्यांनी मला अस्वस्थ व्हायला होतं. खऱ्या आयुष्यात अक्का भेटत नाही असे सदा किती असतील?

कथेच्या शेवटाबद्दल तुम्ही एकदाच हट्ट धरलात. सदाला सत्काराच्या व्यासपीठावर उभं करून भाषण करायला लावू नका, असं लिहिलंत. लोकांना तेच आवडतं, पण ते खोटं आहे. तुम्ही स्वतः मिरजेला समुपदेशनासाठी जाता, आधी ओळखीच्या दुकानात, मग अनोळखी दुकानात, मग फोनवर, अशा पायऱ्या चढता आहात, आणि काही पायऱ्या पुन्हा उतरायलाही लागतात. म्हणून माझा सदा सत्काराला जात नाही. तो पेढीवर नवीन मालकिणीला सांगतो की माझं मेज भिंतीकडे पाठ करून ठेवा, आणि हे तो तोंडानं सांगतो. संपादकांना शेवट फिका वाटला होता. मी बदलला नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी स्वतःला ओळखलं असेल तर मानसिक आरोग्यासाठी मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. फोन लावणं हीच मोठी पायरी असते हे मला आता कळतं. घरातल्या कुणी तो लावून दिला तरी चालेल.

दिवाणजी, पुढच्या कथेत अक्का परत येणार आहे आणि सदाही. या वेळी तो संशयित नाही, हिशेबातली चोरी पकडणारा आहे. बेदाण्याच्या सौद्यातले बारकावे मला लागतील. सवडीनं लिहा, घाई नाही. अंकाची प्रत पेढीवर पाठवलेली नाही, तिथं चारजण उघडून बघतील. ती घरच्या पत्त्यावर साध्या टपालानं येईल. पोस्टमन पेटीत टाकून जाईल, सही मागणार नाही.

तुमची,
ताई