चिखलासाठी टायर : रुंदीच्या आधी जमीन पाहा

महोदय,

आपल्या वाहनविषयक पुरवणीतील ऑफ-रोड टायरांवरचा लेख वाचला. नक्षीच्या प्रकारांची माहिती त्यात चांगली आली आहे. परंतु टायर जितका रुंद आणि त्याची नक्षी जितकी खडबडीत, तितकी गाडी चिखलातून सहज निघते, असा जो सूर लेखभर ऐकू येतो, तो अर्धाच खरा आहे. कच्च्या वाटांकडे नव्याने वळणारा वाचक केवळ त्यावर विसंबून टायर घेईल, तर त्याची फसगत होण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून हे पत्र.

चिखल सगळीकडे सारखा नसतो. वर वीतभर मऊ थर आणि खाली घट्ट जमीन असेल, तर अरुंद टायर तो थर कापत टणक जमिनीपर्यंत पोहोचतो आणि तेथे पकड घेतो. रुंद टायर मात्र वरच्या थरावरच तरंगत राहतो व वळणावर आडवा सरकतो. याउलट जिथे तळ लागतच नाही अशा दलदलीत किंवा सैल वाळूत गाडीचा भार अधिक जागेवर पसरवणारा रुंद टायरच उपयोगी पडतो. आपल्याला बहुतेक वेळा कोणत्या जमिनीतून जायचे आहे, हे ठरवल्याशिवाय रुंदी ठरवता येत नाही, आणि लेखात नेमका हाच प्रश्न विचारलेला नाही.

नक्षीचेही तसेच आहे. एमटी, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचे ठोकळे मोठे आणि त्यांमधील खाचा रुंद असतात, त्या खाचांत शिरलेली माती चाक फिरताना बाहेर फेकली जावी म्हणून. चिकणमाती खाचांत ठासून बसली की कितीही महागडा टायर गुळगुळीत रुळासारखा वागतो. परंतु हीच मोकळी नक्षी डांबरी रस्त्यावर उणी ठरते, कारण रस्त्याला टेकणारे रबर कमी असते आणि ओल्या रस्त्यावर पकड देणाऱ्या बारीक चिरा ठोकळ्यांवर थोड्याच असतात. परिणामी पावसात ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय आवाज वाढतो, चाक जड होते आणि इंधनही जास्त लागते. एटी, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींसाठीचा टायर, हा एमटी आणि साध्या रस्त्याच्या टायरच्या मधला आहे. ज्याचा बहुतांश प्रवास डांबरी रस्त्यावरून होतो आणि अधूनमधूनच गाडी वाटेवर उतरते, त्याने एटीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून एमटी बसवणाऱ्यांविषयी मी काही बोलत नाही; तो टायरनिवडीचा विषयच नव्हे.

दगडगोट्यांच्या वाटेवर मात्र नक्षीपेक्षा साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, मजबुती महत्त्वाची ठरते. तळाला खिळा घुसला तर पंक्चर काढता येते, परंतु अणकुचीदार दगडाने साइडवॉल फाटली तर तो टायर बदलावाच लागतो. म्हणून साइडवॉलमध्ये किती पदर आहेत, याची चौकशी खरेदीच्या वेळीच करावी.

लेखात हवेच्या दाबाचा उल्लेखही नाही, ही मला त्यातील सर्वांत मोठी उणीव वाटते. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआयवर (हवेचा दाब मोजण्याचे एकक) चालणाऱ्या टायरमधील हवा चिखलात २० च्या आसपास आणली, तर टायरचा जमिनीला टेकणारा भाग मुख्यतः लांबीत वाढतो, भार पसरतो आणि रुतण्याचे प्रमाण कमी होते. साध्या एटी टायरची हवा अशी नीट उतरवलेली गाडी कित्येकदा पूर्ण हवा भरलेल्या एमटी टायरच्या गाडीपेक्षा पुढे जाते. याला मर्यादा आहेतच. दाब १५ च्याही खाली नेल्यास वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते, आणि कमी हवेवर डांबरी रस्त्यावर वेगाने गेल्यास साइडवॉल सतत दुमडून इतकी तापते की टायर फुटू शकतो. त्यामुळे दाब मोजण्याचे साधन आणि हवा भरायचा छोटा कंप्रेसर गाडीत असल्याशिवाय हा प्रयोग करू नये.

आकार वाढवण्याचा सल्लाही लेखात सहज दिला आहे. २४५/७० आर १६ (मिलिमीटरमध्ये रुंदी, तिच्या टक्क्यांत साइडवॉलची उंची आणि इंचांत रिमचा व्यास) या आकाराच्या टायरची उंची सुमारे ७४९ मिलिमीटर भरते, तर २६५/७० आर १६ ची सुमारे ७७७. स्पीडोमीटर आधी अचूक होता असे धरले, तर या बदलानंतर काटा १०० दाखवत असताना गाडी जवळपास १०४ च्या वेगाने धावत असते. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो का, हेही पाहावे लागते. स्टेपनीही त्याच मापाची हवी. चारही चाकांना सतत ताकद जाणाऱ्या गाडीत एक चाक वेगळ्या उंचीचे बसवून लांब अंतर गेल्यास डिफरन्शियलवर, म्हणजे चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीवर, नाहक ताण येतो.

आपल्या पुरवणीच्या पुढील एखाद्या अंकात हवेच्या दाबावर स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती. त्यातच टायरवरील चार आकडी निर्मितीखूण कशी वाचावी, हेही सांगता येईल. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतके कळले, तरी खोल नक्षी शाबूत असलेला पण रबर कडक झालेला जुना टायर नवा समजून घेण्याची पाळी वाचकावर येणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक